माझ्याकडे तर चालतेय

ताईचा फोन आला तेव्हा मी एका लॅपटॉपमधला चहा पुसत होतो. खरंच चहा. गिऱ्हाईक शपथेवर सांगून गेलं होतं की काहीही सांडलेलं नाही, आपोआप बंद पडला. आणि की-बोर्ड उचलला तर खाली साखरेचा पाक. दुरुस्तीच्या दुकानात खरं कोणी बोलत नाही. पहिल्या वर्षी राग यायचा, आता येत नाही. ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि केबल तपासायची.

ताई दुकानात कधी फोन करत नाही. मालकाला आवडत नाही हे तिला माहीत आहे. म्हणाली, पट्टी उठत नाहीये. मी म्हटलं केबल बघ. बघितली म्हणाली. दुसऱ्या भोकात लाव. लावली म्हणाली. मग मी म्हटलं, संध्याकाळी येऊन बघतो. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला संध्याकाळपर्यंत टोचत राहिलं.

पट्टी म्हणजे काय ते सांगतो. ताईला दिसत नाही, जन्मापासून. तिच्या की-बोर्डच्या पुढे एक लांबट पेटी असते, तिच्यावर बारीक पिनांची रांग. स्क्रीनवर जी ओळ असेल ती पिना वरखाली होऊन ब्रेलमध्ये उमटते आणि ताई बोटं फिरवून वाचते. आमची पट्टी जुनी आहे, दुसऱ्याची वापरून झालेली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली.

कॉम्प्युटर बोलूनही दाखवतो, तेवढ्यावर कितीतरी लोकांचं भागतं. ताईचं भागत नाही. ती मुद्रितशोधक आहे, पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढते. आवाजात स्वल्पविराम ऐकू येत नाही. दोन शब्दांमध्ये चुकून पडलेली जास्तीची जागा ऐकू येत नाही. बोटाला मात्र लगेच लागते, जेवताना दाताखाली खडा यावा तशी.

आणि या वेळी एका मोठ्या प्रकाशनानं तिला पहिल्यांदाच एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. बघू या जमतंय का, असं म्हणून. जमलं तर कायमचं काम. पानं सोमवारी द्यायची होती. फोन आला तो गुरुवार.

आता माझं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उघडी सिस्टिम आहे, म्हणजे जिचा सगळा कोड कोणीही उघडून वाचावा, बदलावा अशी. जगभरचे लोक मिळून ती चालवतात, कोणी मालक नाही. पण या सिस्टिमला आमच्या पट्टीशी बोलता येत नव्हतं. मध्ये दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि कंपनीनं तो फक्त विकतच्या सिस्टिमसाठी केला होता. म्हणून मी लिहिला. शिकलो कुठे, तर कुठेच नाही. नेटवर वाचून, शिव्या खाऊन. दुकानात एक जुना लॅपटॉप पडला होता, त्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर चालवलं, पट्टी जोडली, आणि केबलमधून काय काय येतं-जातं त्याची नोंद घेत बसलो. दोन माणसांचं बोलणं दाराला कान लावून ऐकावं तसं. मग तेच बोलणं माझ्या कोडमध्ये उतरवलं.

चाललं. ताईनं त्या दिवशी पट्टीवर सलग इतका वेळ वाचलं की आई म्हणाली, अगं बोटं झिजतील.

मग मी तो ड्रायव्हर सगळ्यांसाठी नेटवर टाकला. कुठल्या कुठल्या देशांतून मूठभर लोक आले. सांभाळणारा म्हणून माझं नाव लागलं. सांभाळणं म्हणजे दिवसभर दुकानात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन पुन्हा तक्रारीच वाचायच्या. ताई मला तेव्हापासून इंजिनियर म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ताई टेबलाशीच बसलेली. हात पट्टीवर, पट्टी सपाट. आईनं खुर्चीच्या पाठीवर ओले टॉवेल टाकलेले, तेही तिनं काढले नव्हते. कळलं ते असं: इमारतीतली जुनी वायरिंग बदलायला माणसं आली होती, सकाळपासून दुपार कलेपर्यंत वीज नव्हती. एरवी वीज जाते-येते, पट्टीच्या पोटात बॅटरी आहे, ती निभावून नेते. आज वीज आली आणि पट्टी आलीच नाही.

"नेहमी दोनदा टक् होतं," ताई म्हणाली. "एकदा वीज आत आली की, आणि एकदा पिना जाग्या झाल्या की. आज एकदाच होतंय."

मी हो हो म्हटलं आणि केबल बदलली. सवयच ती.

मग ड्रायव्हरची जुनी आवृत्ती टाकून बघितली. त्याच्याही आधीची. सिस्टिमच बदलली गेलीय की काय म्हणून तीही मागे नेली. एकच टक्. दर वेळी ताई मान हलवायची आणि मी पुढचं काहीतरी करायचो. आई मध्येच पोळपाट हातात घेऊन आली, "बंद करून परत चालू केलंस का?" म्हणाली. हा सल्ला तिनं माझ्याकडूनच उचललाय, फोनवर मी गिऱ्हाइकांना हाच देतो.

"आई, बंद झाली म्हणूनच तर हे झालंय," ताई म्हणाली.

उत्तर माझ्यासमोर तिथेच ठेवलं होतं. मी त्यावरून हात फिरवला आणि पुढे गेलो.

शुक्रवारी पट्टी दुकानात नेऊन उघडली. बॅटरी फुगून टम्म झालेली. जिवात जीव आला. म्हटलं, सापडला चोर. बेताच्या मापाची एक बॅटरी दुसऱ्या कशातली तरी काढून बसवली, मालकाच्या हातापाया पडून लवकर निघालो, पट्टी घरी आणली, ताईसमोर लावली.

टक्.

आम्ही दोघं दुसऱ्या टक्ची वाट बघत बसलो. आला नाही. ताईनं पट्टीवरून हात काढून मांडीवर ठेवले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतंच विचारलं, मग आता मी प्रकाशनात फोन करू का. मी म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, थांबते.

थकवा येतो म्हणजे काय येतो, तर असं वाटतं की हे आपण आधी कधीतरी केलंय. तोच खोका, तीच केबल, तोच एक टक्. आणि तेवढ्यात डोक्यात आलं की नुसतं वाटत नाहीये. "एकदाच टक् होतं" हे मी खरंच कुठेतरी वाचलंय.

तक्रारींच्या जुन्या ढिगात शोधलं. सापडलं, बंद केलेल्यांमध्ये. एका पियानो जुळवणाऱ्या माणसानं लिहिलं होतं, दूरच्या कुठल्या तरी देशातून. त्यालाही दिसत नाही. त्यानं लिहिलं होतं की मी कामावरून आलो की पट्टी काढून कपाटात ठेवतो, सकाळी लावतो तर एकदाच टक् होतं आणि पिना वर येत नाहीत. माझा कान कामाचाच आहे, टक् एकच आहे याची खात्री बाळगा.

खाली माझं उत्तर. माझ्याकडे तर चालतेय. केबल बदलून बघा.

त्यानं कळवलं होतं की बदलली. मी लिहिलं होतं की आणखी एकदा बदला, चांगल्या कंपनीची घ्या. मग त्याचं काही आलं नाही आणि मी "दोष आढळला नाही" असं लिहून तक्रार बंद केली. मनात काय होतं तेही आठवलं. म्हटलं असणार, चहा सांडलाय आणि सांगत नाहीये.

मी खुर्चीत मागे रेललो आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. ताईच्या टेबलाच्या बटणावर आईनं चिकटपट्टी लावलेली असायची. खूप आधीपासून. कुणी झाडताना चुकून बंद करू नये म्हणून. पट्टीची वीज आमच्या घरात कधी गेलीच नव्हती. वरून आईची चिकटपट्टी, आतून बॅटरी.

म्हणजे झालं होतं असं. पट्टीला शून्यातून वीज मिळाली की तिला आधी कुणीतरी एक हाक मारावी लागते. कामाला लाग, अशी. ती हाक कंपनीच्या सॉफ्टवेअरनं मारली होती, दुकानातल्या त्या लॅपटॉपवर, पट्टी जोडल्या जोडल्या. आणि मी नोंद चालू केली ती त्यानंतर. आधी केबल लावली, मग कान लावला. दोघांची ओळख होऊन गेली होती, मी ऐकल्या त्या पुढच्या गप्पा. ती हाक आमच्या पट्टीच्या डोक्यात राहिली, बॅटरीवर तशीच घरी आली, आणि इतकी वर्षं तिथेच होती. गुरुवारी पुसली गेली. माझ्या ड्रायव्हरमध्ये ती नव्हतीच. कधीच नव्हती.

बाकीच्यांच्या बॅटऱ्या तर कधीच्या मेलेल्या. पट्टी दुर्मीळ आहे म्हणून माझा ड्रायव्हर मूठभर लोक वापरतात असं मी समजत होतो. लोक येत होते, एक टक् ऐकत होते आणि निघून जात होते. हा एकटाच सांगायला थांबला होता.

ताईला सांगितलं. वाटलं आता बोलेल.

"मग ती हाक पुन्हा ऐकता येईल का?" एवढंच विचारलं.

तिथेच घोडं अडलं होतं. दुकानातला लॅपटॉप भंगारात गेला. कंपनीची सीडी होती, पण ते सॉफ्टवेअर नव्यानं टाकताना कंपनीची परवानगी मागतं नेटवरून, आणि परवानगी द्यायला कंपनी कुठेय. ज्याच्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून आहे असाच कोणीतरी हवा. तसा कोणी असलाच तर मला जगात एकच माणूस माहीत होता. आणि त्याला मी केबल बदलायला लावली होती.

त्याला लिहिलं. माफी मागितली, फार लांबण लावली नाही. त्याचं उत्तर शनिवारी सकाळी आलं. इंग्रजीत होतं, पण मराठीत ते साधारण असं: तुमची आठवण आहे. सांगितल्याप्रमाणे तीन केबल घेतल्या, तिन्ही उत्तम आहेत. मग मी जुन्या विकतच्या सिस्टिमवर परत गेलो, तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरवर पट्टी चालते. काय करायचं ते सांगा, आज मला एकच पियानो आहे.

ताईला वाचून दाखवलं तर ती गुरुवारनंतर पहिल्यांदा हसली. तीन केबल, म्हणाली, आणि पुन्हा हसली.

मी लगेच त्याला सूचना लिहिल्या. नोंद घेणारं हे सॉफ्टवेअर उतरवा, उघडा, वर डाव्या कोपऱ्यात निळा शेपटासारखा आकार दिसेल त्यावर...

"काय लिहितोयस ते वाच," ताई म्हणाली.

वाचलं. निळं शेपूट ‘दिसेल’ इथपर्यंत पोचलो आणि की-बोर्डवरून हात काढले.

"उठ," ती म्हणाली. "इंजिनियर."

मग ताईनं लिहिलं. मी शेजारी बसून काय काय करायचं ते सांगत होतो आणि ती त्याचं कोणतं बटण किती वेळा दाबायचं, कॉम्प्युटर काय बोलला म्हणजे बरोबर, काय बोलला म्हणजे चुकलं, असं करत होती. पट्टी नव्हती, नुसत्या आवाजावर लिहीत होती, प्रत्येक ओळ दोन-दोनदा ऐकत. मध्येच तिनं प्रकाशनातल्या बाईंना फोन लावला. दुसऱ्या खोलीत जाऊन नाही, माझ्यासमोरच. त्या बाईंचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, ताईचं तेवढं. हो. नाही, आजारी नाही. उपकरण. हो, समजू शकते. ठेवल्यावर सांगितलं की पहिला अर्धा भाग त्या दुसऱ्या कुणाला देणार आहेत. उरलेला बुधवारपर्यंत झाला तर ठीक, नाही तर तोही गेला.

एवढं सांगून ती पुन्हा लिहायला लागली.

दुपारी त्याची नोंद आली. उघडली. ताईला कळावं म्हणून मी मोठ्यानं वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. त्यात पुढच्या गप्पा होत्या. हाक नव्हतीच. त्यानंही आधी पट्टी जोडली होती आणि मग नोंद चालू केली होती. हुबेहूब माझी चूक, हजारो मैलांवर. डोकं टेबलावर ठेवलं मी. टेबलाला टॉवेलचा ओला वास येत होता.

ताईनं माझ्या खांद्यावरून हात घालून की-बोर्ड ओढला आणि त्याला एकच ओळ लिहिली. आधी कान, मग तार.

तो पियानोवर गेला असणार. आम्ही जेवलो. आई ताईच्या हाताकडे बघत होती, ताई नुसती ताटाच्या कडेवर बोट फिरवत होती. मी दुकानात जाऊन आलो, कारण शनिवारी मालक एकटा पडतो. आल्यावर नवी नोंद आलेली.

पहिल्याच ओळीत होती. इतकी छोटी. एका श्वासात वाचून होईल एवढी. हिच्यासाठी त्या माणसानं तीन केबल घेतल्या आणि ताईचं अर्धं पुस्तक गेलं.

कोडमध्ये घातली. घालायला काहीच लागलं नाही, तेच जास्त लागलं मनाला. पट्टीची केबल काढली, बॅटरी काढली, ताईनं तिच्या हातानं पुन्हा चाचपून बघितलं की खरंच काढलीय. मग लावली.

टक्. आणि मग, टक्.

ताईच्या बोटांखाली ओळ उमटली. कुठली तरी बिनकामाची ओळ, माझीच, कोडमधली. तरी तिनं ती शेवटपर्यंत वाचली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं ना? मग आता जरा पडा दोघं."

झालं नव्हतं. आमच्यात एक पद्धत आहे. दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवताना वर लिहायचं काय बिघडलं होतं आणि का, आणि खाली नावं लिहायची. दोष कळवला कुणी, तपासून बघितलं कुणी. ते कायमचं राहतं, कोडला चिकटून. मी खाली लिहिलं, कळवलं: पियानोवाला, म्हणजे तिथे तो ज्या टोपणनावानं लिहितो ते. तपासलं: ताई. वर दोन ओळी खरडल्या आणि तिला म्हटलं, एकदा नजर टाक, म्हणजे बोट टाक, आणि पाठवून देतो.

तिनं बोट फिरवलं. इंग्रजी होतं, पण ताई इंग्रजीतल्याही चुका काढते. मी लिहिलं होतं, काही पट्ट्यांना विशिष्ट परिस्थितीत सुरुवातीला अडचण येऊ शकते, ती दूर केली.

बोट थांबलं.

"काही म्हणजे कुठल्या?"

मी म्हटलं, म्हणजे ज्यांच्या बॅटऱ्या गेल्यात त्या.

"कुणाची गेलेली नाही?"

"आपली." मग म्हटलं, "आपलीही गेली."

"मग काही कसं?"

मी म्हटलं ताई, हे असंच लिहितात. हे कोणी वाचतही नाही.

"मी वाचतेय," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. दिवसभर जसा होता तसाच, दमलेला. मी खोडलं. पुन्हा लिहिलं: हा ड्रायव्हर पट्टीला जागं करतच नव्हता. तो फक्त माझ्या घरी चालत होता, कारण माझ्या घरी पट्टी कधी बंद झालेली नव्हती. हे आधी कळवण्यात आलं होतं, मी मानलं नाही.

तिनं वाचलं. एक स्वल्पविराम हलवायला लावला. मग खाली गेली, स्वतःच्या नावापाशी.

"हे काढ."

"का? तपासलंस की तू."

"पाच मिनिटं केबल काढून ठेवली म्हणजे तपासलं होत नाही. तो कपाटात ठेवायचा. रात्रभर."

मी म्हटलं, तुझी पानं. बुधवार आहे. रात्रभर ठेवली तर आजची वाचायची बैठक गेली. तिला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती उठली, हात सरकवत पट्टीची केबल शोधली, उपसली, बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी माझ्या हातात दिली. मग पट्टी छातीशी धरून कपाटापर्यंत गेली आणि कपड्यांच्या वर ठेवून दार लावलं.

"तुझ्याकडे चालतेय एवढंच आपल्याला माहीत होतं," म्हणाली. "आता झोप."

सकाळी मी उठलो तेव्हा ती आंघोळ करून टेबलाशी बसलेली, पट्टी समोर, केबल हातात. माझी वाट बघत होती. की बघत नव्हती, माहीत नाही, पण मी आल्याशिवाय लावली नव्हती. तिनंच लावली. बॅटरीशिवाय.

टक्. टक्.

तिनं पानं उघडली आणि जिथून तिचा अर्धा भाग सुरू होत होता तिथून वाचायला लागली. तिची दोन्ही बोटं उजवीकडे जातात, ओळ संपते, परत येतात. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिचं नाव पुन्हा लिहिलं, दुरुस्ती पाठवली, आणि पियानोवाल्याला दोन ओळी. त्याच्याकडे तेव्हा रात्र असेल, पट्टी कपाटात असेल.

आई झाडू घेऊन आली. बोर्डाजवळ वाकली, वायरिंगवाल्यांनी बटणावरची चिकटपट्टी उपटून टाकली होती ते तिला दिसलं. नवी आणू का म्हणाली.

"नको लावूस," ताई म्हणाली. वाचतच होती.